लागलं की हात वर

मॅच चालू असताना मला बसवत नाही. कुणीतरी खुर्ची आणून ठेवतं, कुणी चहा देतं, तो चहा खुर्चीखाली गार होतो आणि मी रेषेबाहेरून या खांबापासून त्या खांबापर्यंत फेऱ्या मारत राहते. पंच म्हणतात, मॅडम, मागं सरका. सरकते. पुन्हा पुढं येते. माझ्या पोरी आपसात म्हणतात, आपल्यापेक्षा मॅडमच जास्त पळतात. म्हणू द्या. पळणाऱ्याला निदान दम तरी लागतो, बघणाऱ्याचा जीव नुसता टांगणीला. माझी आई म्हणायची, या पोरीच्या पायाला भिंगरी आहे. ती भिंगरी लग्न झालं, नोकरी लागली, चाळिशी आली तरी थांबलेली नाही.

कळंबमध्ये राहते आणि तिथून स्कूटीवर अर्ध्या तासावरच्या एका गावच्या शाळेत खेळ शिकवते. खेळ म्हणजे खो-खो. आमच्या जिल्ह्यात दुसरा कुठला खेळ शिकवायला गेलं तर लोक विचारतात, का हो, खो-खोचं काय झालं? सोयाबीन निघालेलं रान मोकळं दिसलं की पोरी दोन वासे रोवतात आणि सुरू होतात. खेळ सगळ्यांना माहीत आहे. आठजणी मधल्या पट्टीत बसतात, नववी पाठलाग करते, थकली की बसलेलीच्या पाठीला हात लावून खो देते. समोरच्या तिघी पळत असतात. हात लागला, पंचानं शिट्टी मारली, की पळणारी बाद.

आमच्या शाळेत मात्र शिट्टीची वाट बघायची रीत नव्हती. माझ्याआधी तिथं जे सर होते, गावात सगळे त्यांना मोठे सर म्हणतात, त्यांनी पोरींच्या कित्येक तुकड्यांना एकच गोष्ट शिकवली होती. लागलं की हात वर. पंचानं बघितलं असो नसो, हात लागल्याचं सगळ्यात आधी तुला कळतं, तर तूच हात वर कर आणि बाहेर चालायला लाग. जिल्ह्यात हे सगळ्यांना ठाऊक. आमच्या पोरी पळत असल्या की पंच निवांत असायचे. मी आले तेव्हा मला ते जरा देवळातल्यासारखं वाटलं, पण रीत मोडली नाही. पुढं पुढं तर मलाच त्याचा तोरा चढला. कुठं स्पर्धेला गेलं की मान वर करून सांगायची, आमच्या पोरींना पंच लागत नाही.

आणि इथंच घोडं पेंड खायला लागलं.

आमच्यात एक पोरगी होती, नववीतली. तिचे आईवडील दिवाळी झाली की मेंढरं घेऊन बाहेर पडतात, ती गावात चुलत्याकडं राहायची. वेगानं पळणाऱ्या पोरी मी पुष्कळ बघितल्यात. हिची गोष्ट वेगळी. हिच्याकडं हात येईपर्यंत ही तिथून निघालेली असायची. खांबाजवळ तर अशी वळायची की पाठलाग करणारी खांबाला मिठी मारून उभी राहायची आणि आम्ही हसून बेजार.

चुलता माणूस वाईट नव्हता, पण घरात त्याची स्वतःची लेकरं होती, बायको एकटी राबायची, आणि ही सकाळ-संध्याकाळ मैदानावर. त्यानं मला स्पष्ट सांगितलं होतं. एवढं साल बघू. जिल्ह्याच्या संघात नाव आलं तर धाराशिवला खेळाडूंच्या वसतिगृहात ठेवायचं बघू, नाही आलं तर दिवाळीनंतर ती आईबापासंगं जाईल. आता मेंढरामागं गेलेली पोर पुन्हा दप्तर घेऊन बसते का, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तिलाही नव्हती. म्हणून ते साल आम्हा दोघींना लई जड गेलं.

तालुक्याच्या अंतिम सामन्यात आमच्यासमोर शहरातला एक संघ होता. तयारीचा संघ, नवे बूट, एका रंगाच्या रिबिनी. आमची पोरगी पळायला उतरली. पाठलाग करणारीनं तिच्यावर झेप टाकली, ही वळली, हात हवेतून गेला. मी रेषेवरच होते, मध्ये चांगलं वीतभर अंतर होतं. पण त्याच क्षणी मधल्या पट्टीत बसलेल्या आठही पोरी एका सुरात ओरडल्या, "लागलंऽ!" आमची पोरगी थबकली. हात वर केला. बाहेर चालायला लागली. पंचानं तोंडाशी शिट्टी नेली होती ती तशीच राहिली.

मला वाटलं, माझीच नजर चुकली. दुसऱ्या डावात पुन्हा तेच. झेप, हवा, ओरडा, हात वर. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या लोकांनी आमची रीत नीट अभ्यासली होती. हिला पकडायची गरजच नाही, हिला नुसतं पटवलं की झालं. सामना आम्ही हरलो. दोन्ही संघांना धाराशिवला जिल्ह्याच्या निवड चाचणीला जायचं होतंच, त्यामुळं हरण्याचं दुःख कमी होतं, पण संतापानं माझ्या हातातली शेंगदाण्याची पुडी चुरगाळून गेली.

पोरीला विचारलं, लागलं होतं का गं? ती बुटाची नाडी सोडत खाली मान घालून म्हणाली, "मॅडम, लागल्यागत झालं." एवढंच. खोटं बोलत नव्हती. तिला खरंच तसं झालं होतं.

मी तडक त्या संघाच्या सरांना गाठलं. तरणा माणूस, गळ्यात शिट्टी, बोलायला एकदम मऊ. मी तोंडाला येईल ते बोलले, पोरींना हेच शिकवता का, लाज वाटत नाही का. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ओरडायचं नाही असा नियम दाखवा, मी बंद करतो. आम्ही अपील करतो, निर्णय पंचाचा. तुमची पोरगी आपण होऊन जाते त्याला आम्ही काय करणार? उलट मलाच समजावल्यासारखं म्हणाला, मॅडम, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण झालं.  घरी येईपर्यंत स्कूटीवर पन्नास उत्तरं सुचली, पण ती आता कुणाला द्यायची?

पुढचे दिवस नुसती घालमेल. शत्रूचा संघ तिकडं राहिला, पण पोरगी आमच्याच मैदानावर, आमच्याच पोरींसमोर हात वर करायला लागली. स्वतःची वेणी पाठीवर आपटली, हात वर. वारा आला, हात वर. वर्गात मागून कुणाचं दप्तर घासलं तरी दचकायची. चुलती सांगत आली की पोर खेळायच्या आधी जेवत नाही. ज्या पोरीला कुणी पकडू शकत नव्हतं, तिला आता कुणी पकडायचीच गरज राहिली नव्हती.

मी सोपा उपाय केला. तिला सांगितलं, आजपासून हात वर करायचा नाही, शिट्टी वाजली तरच जायचं, नियमाच्या पुस्तकात तेच आहे. तिनं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी ती लाकडासारखी पळाली. आता तिचा एक कान पाठीकडं, एक कान शिट्टीकडं, आणि पायांकडं लक्ष द्यायला कुणीच नाही. भराभर सापडायला लागली. आगीतून फुफाट्यात. वर बाकीच्या पोरी येऊन विचारतात, मॅडम, मग आम्ही पण हात नाय करायचा का? मी त्यांच्यावर खेकसले, कारण उत्तर मलाच माहीत नव्हतं.

मोठ्या सरांकडं गेले. निवृत्त झाल्यापासून ते दारातल्या लिंबाखाली खुर्ची टाकून बसतात. मी त्यांना म्हणलं, सर, तुमची रीत या पोरीला खातेय. त्यांना राग आला. म्हणाले, इतक्या वर्षांत कुणाला खाल्लं नाही ते आताच कसं खाईल, मोडायची तर मोडा, खामखा माझी परवानगी कशाला मागता? मीही चिडले. त्यांनी दिलेलं पाणी न पिता उठले, आणि गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत वाटत होतं, मागं जावं आणि ते पाणी प्यावं. गेले नाही.

उपाय सापडला तो असाच, भांडून आल्यावर. संध्याकाळी मी मैदानाच्या रेषा फक्कीनं आखत होते. पांढरी भुकटी, हाताला बसली की जाता जात नाही. पोरगी बाजूला उदास उभी होती, तिच्या पाठीवर थाप मारून म्हणलं, चल, सुरू कर. ती वळली आणि तिच्या निळ्या टी-शर्टवर माझा अख्खा पंजा उमटलेला. पाचही बोटं. 

दुसऱ्या दिवसापासून आमचा खेळच बदलला. पाठलाग करणारीनं दोन्ही हातांना फक्की चोळायची. बसलेल्या पोरींनी मनाला येईल तेव्हा ओरडायचं, लागलं. आणि या पोरीनं थांबून, मागं न बघता, आधी सांगायचं, लागलं का नाही. मग आम्ही पाठ बघायचो. सुरुवातीला ती दर वेळी म्हणायची, लागलं. पाठ कोरी. पोरी खिदळायच्या. मी म्हणलं, दात दाखवू नका, तुम्हाला पळवीन. पुन्हा झेप, पुन्हा ओरडा, पुन्हा लागलं, पुन्हा पाठ कोरी. एकदा ती रडकुंडीला येऊन म्हणाली, मॅडम, माझी पाठच खोटं बोलती. मी म्हणलं, पाठ नाही गं, कान खोटं बोलतोय. पाठीला विचार.

आणि हळूहळू पाठ बोलायला लागली. ओरडा झाला की ती क्षणभर डोळे मिटायची आणि म्हणायची, न्हाय. पाठ कोरी. न्हाय. कोरी. मग एकदा कुणीच ओरडलं नव्हतं, पाठलाग करणारीलाही वाटलं हुकलं, आणि ही आपली हात वर करून उभी. बघतो तर टी-शर्टच्या अगदी कडेला एका बोटाचा पांढरा ठिपका. मला इतका आनंद झाला की मी सगळ्यांना भेळ खायला घातली. त्या दिवसापासून ती जेवून यायला लागली.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. बसलेल्या पोरींना त्या ओरडण्याचा नाद लागला. आधी लाजत ओरडायच्या, मग त्यात सूर आला, मग कोण किती खरं वाटेल असं ओरडते याची चढाओढ. माझ्या कानावर ते येत होतं. मी म्हणायची, चाचणी होऊन जाऊ दे, मग बघू.

चाचणीला आम्ही जीप करून धाराशिवला गेलो. वाटेत पोरी गाणी म्हणत होत्या, मी ड्रायव्हरला सारखी सांगत होते, हळू, आणि लगेच, जरा चला की. सामना लागला तो नेमका त्याच शहरातल्या संघाशी. निवडणारे तिघंजण मांडवात बसलेले. चुलता आला नव्हता, त्याची कारखान्यात पाळी होती. बरं झालं, माझ्यात एकाच माणसाची काळजी करण्यापुरती ताकद होती.

आमची पोरगी उतरली. पहिली झेप, ओरडा, लागलंऽ. ती पुढं गेली. पुन्हा ओरडा. ती खांबाला वळसा घालून निघाली. मांडवातले एक जण पुढं सरकून बसले. तिसऱ्यांदा त्या आठही पोरी घसा फाटेपर्यंत ओरडल्या आणि हिनं पळता पळता मान हलवली, न्हाय म्हणून. मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मॅच चालू असताना खुर्चीवर बसले.  वेळ संपत आली तेव्हा एकीचा हात तिच्या खांद्याला निसटता लागला. कुणाला दिसला नाही, त्या संघातलं कुणी ओरडलं नाही. तिनं हात वर केला आणि बाहेर आली. बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मनात मोठ्या सरांची माफी मागितली.

मग आमची पकडायची पाळी. चुरशीचा डाव, शेवटच्या क्षणी बरोबरी व्हायला एक गुण कमी. खो आमच्या पोरीला मिळाला. ती त्यांच्या कर्णधार मुलीच्या मागं लागली, अंतर कमी केलं, सूर मारला. ती मुलगी वाकली. आणि मधल्या पट्टीतून आमच्या आठ पोरी एका सुरात ओरडल्या, "लागलंऽ!" पंचानं शिट्टी मारली.

मी हवेत उडी मारली, खोटं कशाला बोलू. ती कर्णधार पाय आपटत पंचाला सांगत होती, नाही लागला सर, नाही लागला. पंच म्हणाले, बाहेर. आमच्या पोरी नाचत होत्या. आणि ही धुळीतून उठली, गुडघे झटकले, पंचापाशी गेली आणि हात वर केला.

"सर, न्हाय लागलं. माझा हात हाय."

पंचांनी तिला दोनदा विचारलं. तिनं दोनदा तेच सांगितलं. त्यांनी त्या मुलीला परत बोलावलं, खेळ पुढं सुरू झाला, आणि बरोबरीचा तो गुण काही मिळाला नाही. एका गुणानं हरलो.

माझं डोकं फिरलं. नळावर ती तोंड धूत होती तिथं गेले आणि म्हणलं, पंचानं दिलं होतं ना, मग तुला कुणी विचारलं होतं का? तिनं ओल्या चेहऱ्यानं वर बघितलं. तिला खरंच कळेना की मी का चिडले. मग म्हणाली, "मॅडम, तुमीच शिकवलं की. आता हातालाबी कळतंय, म्या काय करू?"

 तेवढ्यात तो मऊ बोलणारा सर शेजारच्या नळावर बाटली भरायला आला. हसून म्हणाला, मॅडम, तुमच्या पोरीपण अपील करायला लागल्या की. बाटली भरली आणि गेला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती म्हणतात ते असं. ज्या ओरड्यासाठी मी त्याची लाज काढली होती, तो ओरडा माझ्या मैदानावर, माझ्यासमोर, मीच सुरात बसवून घेतला होता. एका पोरीला त्या ओरड्यातून सोडवलं आणि आठजणींना त्यात घातलं. अजूनही सरावात कधीकधी त्यांच्या तोंडून आपसूक निघतं आणि मी मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून ओरडते, तोंड बंद. ते जायला किती दिवस लागतील, देव जाणे.

संध्याकाळी नावं वाचली. हिचं नाव सगळ्यात शेवटी आलं, राखीव म्हणून. निवडणाऱ्यांपैकी एकांनी मला बाजूला घेऊन समजावलं, पोरगी गुणी आहे, पण मोक्याच्या वेळी गुण सोडते, अशा खेळाडूचा भरवसा धरता येत नाही. मी म्हणलं, अशा खेळाडूचा नाही तर कुणाचा धरणार? ते हसले, मला वाटलं कीव करून हसले. राखीव खेळाडूला वसतिगृहात जागा मिळते का, हे मी तिथं ज्याला त्याला विचारलं. कुणी हो म्हणालं, कुणी बघू म्हणालं.

येताना जीपमध्ये गाणी नव्हती. बाकीच्या पोरी तिच्याशी बोलत नव्हत्या, ती खिडकीतून बाहेर बघत होती आणि मी मनात वाक्य जुळवत होते. चुलत्याला सांगायचं, निवड झाली. बास. राखीव हा शब्दच काढायचा नाही. ते खोटंही नव्हतं, नाव तर आलं होतं. एकदा पोर वसतिगृहात गेली की पुढचं पुढं.

चुलता गोठ्यात म्हशीची धार काढत होता. आम्हाला बघून उठला, बादली हातात तशीच. म्हणाला, काय झालं बाई? मी हसून म्हणलं, झाली निवड, जिल्ह्याच्या संघात नाव आलं. चुलती साखर आणायला आत वळली.

पोरीनं पाठीवरची बॅग खाली ठेवली.

"राखीव हाय काका. म्हंजे बाकावर बसायचं. कुणाला लागलं-खुपलं तर खेळाय मिळंल, न्हायतर न्हाय."

चुलती दारातच थांबली. चुलत्यानं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. विचारलं, व्हय का बाई? समजावून सांगायला माझ्याकडं जीपभर वाक्यं होती. संघ, नाव, पुढची संधी, सगळं. त्यातलं एकही तोंडातून निघेना. आणि काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही, माझा उजवा हात आपोआप वर गेला. गोठ्यात, त्या माणसासमोर, शाळेतल्या पोरीसारखा सरळ वर.

त्याला काहीच कळलं नाही. तो म्हणाला, हात कशाला वर करताय बाई, काय लागलं का? त्यावर पोरगी तोंडावर हात धरून हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.  चुलत्यानं बादली चुलतीच्या हातात दिली, हात धोतराला पुसले आणि म्हणाला, "बाकावर तर बाकावर. भाकरी किती दिसाच्या बांधायच्या, तेवढं सांगा."